परसबाग प्रश्नोत्तरे : छत्री लव्हाळा आणि त्याचे भाऊबंद

पावसाळा तोंडावर आल्यामुळे या वेळच्या टपालात ओलसर जागेत काय लावावे याविषयीची पत्रे अधिक आहेत. त्यांपैकी लव्हाळ्याच्या कुळाशी संबंध असलेल्या चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या घरामागे मोरीचे पाणी जाते आणि पावसात पागोळ्यांचेही त्यात मिळते, त्यामुळे तेथे बारा महिने ओल असते. त्या जागेसाठी रोपवाटिकेतून ‘अंब्रेला पाम’ म्हणून एक कुंडी आणली. शेजारचे काका म्हणतात की हे पपायरस आहे. सासूबाईंच्या मते हा लव्हाळाच आहे आणि एकदा लागला की परसात दुसरे काही उगवू देणार नाही. हे नेमके काय आहे, आणि जमिनीत लावावे की लावू नये? सोबत छायाचित्र जोडले आहे. (एक वाचिका, चिपळूण)

उत्तर : आपल्या सासूबाईंनी कूळ अचूक ओळखले आहे. छायाचित्रातील वनस्पती पाम नाही आणि गवतही नाही. ती लव्हाळ्याच्या, म्हणजे सायपरेसी कुळातील बहुवर्षायू वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव सायपरस इन्व्हॉल्युक्रेटस. रोपवाटिकांत आणि बागकामाच्या अनेक पुस्तकांत तिला सायपरस अल्टर्निफोलियस म्हटलेले आढळते. काटेकोरपणे पाहिले तर ते नाव मादागास्करमधील तिच्या जवळच्या नातलगाचे आहे, आणि काही वनस्पतिशास्त्रज्ञ या दोघींना एकाच जातीच्या उपजाती मानतात. लागवड करणाऱ्याला या मतभेदाने काही फरक पडत नाही. मूळची ती आफ्रिकेतील आणि अरबी द्वीपकल्पातील, पाणथळ काठांवर वाढणारी आहे. येथे आपण तिला छत्री लव्हाळा म्हणू.

छायाचित्रावर विसंबून न राहता आपण स्वतः एकदा खात्री करून घ्यावी, आणि त्यासाठी हात पुरेसे आहेत. एक दांडा दोन बोटांत धरून हलकेच फिरवला, तर तो पूर्ण गोल नसून त्याला तीन बोथट कडा असल्याचे जाणवते. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बोट फिरवले, तरी बांबूला किंवा उसाला असतात तशी पेरे कोठेही लागत नाहीत. दांडा ब्लेडने आडवा कापला, की आत पांढरा, स्पंजासारखा मऊ गर दिसतो आणि भिंगाखाली त्यात हवेची बारीक छिद्रे दिसतात. चिखलात रुतलेल्या मुळांपर्यंत हवा पोचते ती याच मार्गाने. गवताचा दांडा पेरांमध्ये बहुधा पोकळ आणि गोल असतो, त्याची पाने दोन ओळींत येतात आणि पानाचे आवरण एका बाजूने उकललेले असते. लव्हाळ्याच्या कुळात पाने तीन ओळींत येतात आणि आवरण नळीसारखे पूर्ण बंद असते. छत्री लव्हाळ्यात तर बुंध्याजवळची पाने जवळजवळ नाहीशीच झालेली असतात आणि दांड्याच्या तळाशी केवळ तपकिरी, कागदासारखी आवरणे उरतात. शेंड्यावर छत्रीच्या काड्यांप्रमाणे पसरलेली जी हिरवी पाती आपल्याला दिसतात, ती वस्तुतः फुलोऱ्याखालची छदे आहेत. ती साधारणतः बारा ते पंचवीस असतात आणि त्यांच्या कडेवरून टोकाकडून मुळाकडे उलटे बोट फिरवले तर खरखर लागते. त्यांच्या मधोमध बारीक देठांवर चपट्या, आधी हिरवट आणि पुढे तपकिरी होणाऱ्या कणिशकांचे झुबके येतात. त्यांना पाकळ्या नसतात, कारण परागीभवनाचे काम वारा करतो.

शेजारच्या काकांची गफलत समजण्यासारखी आहे, कारण पपायरस हा याच प्रजातीतील आहे. परंतु ईजिप्तमध्ये ज्याच्या गरापासून लिहिण्याचे पत्रे करीत, तो सायपरस पपायरस ४ ते ५ मीटरपर्यंत उंच जातो आणि त्याच्या शेंड्यावर रुंद पाती नसतात, तर शंभराहून अधिक, धाग्यासारख्या बारीक आणि १० ते ३० सेंटीमीटर लांबीच्या किरणांचा झुपका असतो. छत्री लव्हाळा बहुधा ६० सेंटीमीटर ते दीड मीटर एवढाच वाढतो आणि त्याची छदे चांगली सेंटीमीटरभर रुंद असतात. बाजारात ‘ड्वार्फ पपायरस’ म्हणून मिळणारे गुडघाभर उंचीचे, बारीक किरणांचे रोप बहुधा सायपरस प्रोलिफर असते. तेही ओल्या जागेला चालते, पण त्याला पाण्याचा ताण अजिबात सहन होत नाही.

आता सासूबाईंच्या भीतीविषयी. शेतातला लव्हाळा जमिनीखाली गाठींच्या माळा करतो आणि त्या माळांमुळे तो हटत नाही. छत्री लव्हाळ्याला तशा गाठी येत नाहीत. त्याचे जमिनीखालचे खोड आखूड, जाड आणि कडक असते. त्यामुळे बेट हळूहळू बाहेरच्या बाजूने वाढते आणि फावड्याने कापून आवरता येते. खरा धोका जमिनीतून नसून पाण्यातून आहे. याचे जून झालेले दांडे वाकून ओल्या मातीला किंवा पाण्याला टेकले, की छदांच्या बेचक्यांतून नवी रोपे फुटतात. शिवाय बीही तयार होते आणि वाहत्या पाण्याबरोबर दूर जाते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात बागांतून सुटलेला छत्री लव्हाळा ओढ्यांच्या काठांनी पसरला आणि तेथे तो तण ठरला आहे. वाशिष्ठीच्या जुलै २०२१च्या पुराचा अनुभव चिपळूणकरांना आहेच. परसातील वस्तू जेथे नदीपर्यंत जाऊ शकते, तेथे परदेशी पाणवनस्पती मोकळ्या ओहोळाच्या काठी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून लावावे, पण बांधून लावावे. मोरीच्या पाण्याच्या वाटेवर जांभ्याच्या चिऱ्यांचा, आतून गिलावा केलेला, साधारण दोन फूट लांबी-रुंदीचा आणि दीड फूट खोलीचा हौद करावा, किंवा तळाला भोक नसलेली सिमेंटची मोठी कुंडी जमिनीत काठापर्यंत पुरावी. तीत शेताची साधी भारी माती भरावी. कंपोस्ट किंवा कोकोपीट घालू नये, कारण ते पाण्यावर तरंगते आणि कुजल्यावर दुर्गंधी सुटते. मातीवर दोन बोटे जाडीचा बारीक खडीचा थर दिला की माती ढवळत नाही. खोडावर १० ते १५ सेंटीमीटर पाणी साचले तरी रोपाला त्रास होत नाही, आणि पाणी नुसते ओलीपुरते असले तरी ते तगते. पूर्ण उन्हात दांडे ताठ आणि बेट दाट होते. अर्ध्या सावलीत रंग अधिक गडद हिरवा राहतो, पण दांडे लांबट होऊन वाकतात. साबणाचे रोजचे पाणी ते सोसते. फिनेल, ब्लीचिंग पावडर किंवा आम्ल मात्र त्या मोरीत ओतू नये.

पाणी उघडे राहत असेल तर डासांचा विचार आधी करावा लागतो. खडीचा थर पाण्याच्या पातळीच्या वर ठेवला तर प्रश्नच उरत नाही. उघडा हौद हवाच असेल तर त्यात गप्पी मासे सोडतात. तेही परदेशी आहेत, म्हणून ते हौदातच राहतील आणि ओढ्यात जाणार नाहीत एवढी काळजी घ्यावी.

एका कुंडीपासून अधिक रोपे करण्याची पद्धत सोपी आहे आणि लहान मुलांना दाखवावी अशी आहे. पूर्ण उमललेला, पण पिवळा न पडलेला शेंडा निवडावा, त्याखाली सुमारे ५ सेंटीमीटर दांडा ठेवून तो कापावा आणि पाती कात्रीने निम्म्यावर आणावीत. मग हा शेंडा उलटा, म्हणजे पाती खाली आणि दांड्याचा तुकडा वर, असा पसरट भांड्यातील पाण्यात ठेवावा. भांडे सावलीत असावे आणि पाणी दोन दिवसांनी बदलावे. दोन ते तीन आठवड्यांत पात्यांच्या बेचक्यांतून पांढरी मुळे आणि टोकदार हिरवे कोंब निघतात. कोंब बोटभर झाले की ते मुळांसकट चिखलात लावावेत. घाई असेल तर बेट फोडणे अधिक खात्रीचे असते. त्यासाठी पावसाच्या सुरुवातीचा काळ चांगला, आणि फोडताना बेटाच्या बाहेरच्या बाजूचे, कोंब असलेले तुकडे घ्यावेत. मधला भाग जुना आणि निःसत्त्व झालेला असतो.

पुढची निगा थोडी आहे. पिवळे पडलेले दांडे मध्यावर न छाटता थेट बुंध्यापासून कापावेत, कारण अर्धवट कापलेल्या दांड्याला पुन्हा शेंडा येत नाही. फुलोरा तपकिरी होऊन बी पडण्याआधी शेंडे काढले, तर वर सांगितलेला पसरण्याचा धोका बराच कमी होतो. कापलेले दांडे आच्छादनाला उत्तम, पण शेंडे ओल्या जागी टाकू नयेत, ते वाळवून मगच वापरावेत. उन्हाळ्यात पात्यांची टोके तपकिरी होऊन करपू लागली, की रोपाला पाणी कमी पडते आहे असे समजावे.

प्रश्न : उसात लव्हाळा फार झाला आहे. खुरपले की दुप्पट उगवतो. दिवाळीच्या उटण्यात घालतात तो नागरमोथा हाच, असे ऐकले. मग या गाठी काढून विकता येतील का? (एक शेतकरी, वाळवा तालुका, जि. सांगली)

उत्तर : होय, आपल्या उसातला लव्हाळा म्हणजे सायपरस रोटुंडस आणि त्याच्याच सुगंधी गाठी आयुर्वेदात मुस्ता म्हणून वापरल्या जातात. तापात देण्यासाठी सांगितलेल्या षडंग पाण्यातील सहा द्रव्यांपैकी एक मुस्ता आहे. मात्र सुगंधी तेलासाठी व्यापारात जो नागरमोथा चालतो, त्यातील बराचसा माल सायपरस स्कॅरिओसस या वेगळ्या जातीचा असतो. विक्रीचा विचार करताना याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्या शेतात तणनाशके आणि कीटकनाशके फवारली आहेत, तेथील गाठी औषधासाठी किंवा अंगाला लावण्यासाठी कोणालाही देऊ नयेत. बांधावरच्या, न फवारलेल्या जागेतील गाठी घरच्या उटण्यापुरत्या धुऊन, मुळांचे केस जाळून वा खरडून आणि सावलीत वाळवून वापरता येतील. उत्पन्नाचे साधन म्हणून त्यांच्याकडे पाहू नये.

आधी ओळख पक्की करावी, कारण उसाच्या पट्ट्यात आणि भातखाचरात लव्हाळ्यासारखे दिसणारे आणखी काही सोबती असतात. रोप हळूच उकरून मुळे धुतली आणि गडद तपकिरी, खडबडीत गाठी तारेसारख्या धाग्यावर एकापुढे एक ओवलेल्या दिसल्या, गाठ फोडल्यावर ओळखीचा तीव्र वास आला आणि कणिशे तांबूस तपकिरी असली, तर तो सायपरस रोटुंडस. गाठ प्रत्येक धाग्याच्या टोकाला एकेकटीच असेल, चवीला गोडसर असेल आणि कणिशे पिवळसर असतील, तर तो सायपरस एस्क्युलेंटस. खाली गाठीच नसतील, मुळे तंतुमय आणि रोप एका ओढीत सहज उपटून येत असेल, तर तो सायपरस इरियासारखा एकवर्षायू लव्हाळा आहे. त्याचा बंदोबस्त फुलोऱ्याआधी उपटण्याने होतो आणि त्यावर औषधाचा खर्च करणे अनाठायी आहे.

खुरपल्यावर दुप्पट का उगवतो, याचे कारण त्या माळेतच आहे. माळ अखंड असते तेव्हा टोकाची गाठ वाढते आणि मागच्या बहुतेक गाठी निद्रिस्त राहतात. खुरप्याने किंवा कुळवाने धागे तुटले की प्रत्येक गाठ सुटी होते आणि आपापला कोंब काढते. म्हणून ओल्या जमिनीत वरवरची मशागत करणे म्हणजे लव्हाळ्याची लागवड करण्यासारखेच आहे. उलट ऊस निघाल्यावर खोडवा ठेवायचा नसेल, तर एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करून ढेकळे तशीच तापू द्यावीत. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटीमीटर थरात असतात आणि उघड्यावर येऊन पुरत्या वाळल्या की मरतात. या काळात रानाला पाणी मिळता कामा नये. नंतर ताग किंवा धैंचा दाट पेरावा. लव्हाळ्याला सावली सोसत नाही आणि दाट सावलीत नव्या गाठी फार कमी धरतात. उभ्या उसात हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे औषध लव्हाळ्यासाठी वापरले जाते आणि ते गाठींपर्यंत पोचते. मात्रा व वेळ वेष्टनावरील सूचनेप्रमाणेच ठेवावी. २,४-डी फवारून पाने करपलेली दिसतात, पण गाठी जिवंत राहतात, त्यामुळे केवळ त्यावर भिस्त ठेवू नये. हे काम एका हंगामात संपणारे नाही, हे आधीच मनाशी धरलेले बरे.

प्रश्न : मुळशीजवळ आमचे छोटे शेतघर आहे. आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी शुद्ध करण्यासाठी छत्री लव्हाळा लावावा, असे एका परिचितांनी सुचवले. तो खरोखर पाणी शुद्ध करतो का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तो एकटा करत नाही. जर्मनीत केटे झाइडेल यांनी १९५०च्या दशकात पाणलव्हाळ्यांवर जे प्रयोग सुरू केले, त्यांतून वनस्पतींच्या साह्याने सांडपाणी शुद्ध करणाऱ्या कृत्रिम पाणथळींची पद्धत पुढे आली. त्यानंतरच्या कामातून हे स्पष्ट झाले, की घाण कुजवून संपवण्याचे मोठे काम खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू करतात. वनस्पती त्यांना जागा देते, मुळांभोवती थोडा प्राणवायू सोडते, खडीतील वाटा मोकळ्या ठेवते आणि नत्र-स्फुरदाचा काही भाग स्वतःच्या वाढीसाठी घेते. त्यामुळे नुसत्या खड्ड्यात रोपे लावून पाणी सोडले, तर काही महिन्यांत तेथे दुर्गंधीचे डबके होईल.

भांड्यांचे पाणी आधी तेल आणि खरकटे अडवणाऱ्या टाकीतून जाऊ द्यावे. त्यानंतर सुमारे ६० सेंटीमीटर खोलीचा, तळाला पाणी न झिरपणारा आणि किंचित उतार असलेला लांबट हौद धुतलेल्या खडीने भरावा, आणि पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली काही सेंटीमीटर राहील अशा बेताने बाहेर जाण्याची नळी बसवावी. आंघोळीच्या व भांड्यांच्या पाण्यासाठी माणशी १ ते २ चौरस मीटर जागा धरावी. आपल्या शेतघरात माणसे शनिवार-रविवारीच येत असतील, तर मधल्या दिवसांत खडी कोरडी पडू नये म्हणून थोडे पाणी सोडण्याची सोय लागेल. छत्री लव्हाळ्याच्या जोडीला कर्दळ लावावी. पाणकणीसही चालते, पण ते इतरांना दाबते. संडासाचे पाणी यात कधीही आणू नये, आणि बाहेर पडणारे पाणी फळझाडांच्या आळ्यात द्यावे, पालेभाजीवर देऊ नये. दांडे वर्षातून एक-दोनदा कापून हौदाबाहेर न्यावेत. ते तेथेच कुजू दिले तर रोपाने शोषून घेतलेले नत्र पुन्हा पाण्यात उतरते.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. घरामागच्या सखल भागात वसंतात पाणी साचते. पुण्याच्या घरी होता तसा छत्री लव्हाळा येथे लावता येईल का? (एक वाचिका, न्यू जर्सी)

उत्तर : जमिनीत नाही. न्यू जर्सीतला हिवाळा त्याला सोसणार नाही. हौस असल्यास तो कुंडीत ठेवून थंडीत घरात, खिडकीजवळ आणावा. त्या सखल भागासाठी मात्र आपल्या दारातच उत्तम पर्याय आहेत, कारण पूर्व उत्तर अमेरिका ही याच कुळातील कॅरेक्स प्रजातीच्या कितीतरी जातींची मायभूमी आहे. कॅरेक्स व्हल्पिनॉइडिया ही ३० ते ९० सेंटीमीटर उंचीची, झुबक्याने वाढणारी जात वसंतातले साचलेले पाणी आणि नंतरचा कोरडेपणा हे दोन्ही निभावते, म्हणून नवख्या माणसाने तिच्यापासून सुरुवात करावी. जेथे ओल कायम राहते तेथे कॅरेक्स स्ट्रिक्टा लावावी. ती वर्षानुवर्षे आपल्याच जुन्या मुळापानांचे उंचवटे रचत जाते. कॅरेक्सची ओळख तिच्या फळावरून पटते. दाण्याभोवती पूर्ण मिटलेली एक छोटी पिशवी असते आणि तिचा आकार, शिरा व चोच पाहून जाती वेगळ्या करतात. हे पाहण्यासाठी दहा पट मोठे दाखवणारे भिंग पुरते.

रोपे स्थानिक वनस्पतींच्या रोपवाटिकेतून आणावीत. बियांपासून करायची असतील तर बी शरद ऋतूतच उघड्यावर, मातीत फार खोल न पुरता, केवळ दाबून पेरावे, कारण हिवाळ्याची थंडी मिळाल्यावर ते अधिक चांगले रुजते आणि रुजण्यासाठी त्याला उजेडही लागतो. वसंतात पाणी पुरते ओसरण्याआधी रोपे एकेका फुटावर लावून पहिल्या उन्हाळ्यात त्यांच्यामधले गवत हाताने काढत राहावे.